२०० टॅलेंटचं मूल : राजा पिऱ्हसचं घराणं आणि बालपण

इलिरियाचा राजा ग्लॉकियास याच्या घरात वाढणाऱ्या एका परक्या मुलासाठी मॅसिडोनियाचा सत्ताधीश कॅसँडर याने २०० टॅलेंट देऊ केले होते. मूल जेमतेम दोन-तीन वर्षांचं. अथेन्सच्या मापाने एक टॅलेंट म्हणजे सुमारे २६ किलो चांदी, म्हणजे बोली ५,२०० किलो चांदीची झाली. ड्राक्मांत मोजलं तर १२ लाख. सैनिकाला दिवसाला एक ड्राक्मा धरली तर दहा हजारांची फौज चार महिने पोसता येईल एवढी रक्कम. ग्लॉकियासने ती नाकारली.

हे मूल म्हणजे एपिरसचा राजा पिऱ्हस. जन्म इ.स.पू. ३१९ च्या सुमाराचा. पुढे इटलीत त्याने रोमन सैन्याला दोनदा हरवलं, आणि जिंकूनही कंबरडं मोडणाऱ्या विजयाला त्याचं नाव कायमचं चिकटलं. त्याच्या लढायांवर भरपूर लिहिलं जातं; बालपण मात्र दोन-चार चित्तथरारक प्रसंगांपुरतं उरतं. मला या प्रकरणात दोन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. एवढ्याशा पोराची इतकी किंमत का लागली? आणि किंमत मिळत असताना ते विकलं का गेलं नाही? या घराण्याने आपली ओळख कायम बापाकडच्या वंशावळीवर, थेट ट्रॉयच्या युद्धातल्या अकिलीस या वीरापर्यंत नेऊन भिडवली. पण पिऱ्हसच्या नशिबाला जेव्हा जेव्हा कलाटणी मिळाली, तेव्हा तिथे कुठल्या तरी बाईची सोयरीक दिसते.

साधनं तीन. प्लुटार्कचं चरित्र सर्वांत रसाळ, पण ते घटनेनंतर चारशेहून अधिक वर्षांनी लिहिलेलं. डायोडोरसने त्या काळातल्या युद्धांचा क्रम दिला आहे. जस्टिनने एका जुन्या मोठ्या इतिहासाचा संक्षेप केला. तो कोरडा वाटतो, पण या प्रकरणातली सर्वांत कामाची माहिती त्याच्याकडेच आहे.

घराणं

एपिरस म्हणजे आजच्या ग्रीसचा वायव्य कोपरा आणि अल्बेनियाचा दक्षिण भाग. डोंगराळ मुलूख, गुरंढोरं, खिंडी, आणि मधोमध डोडोना, जिथे झ्यूसच्या ओक वृक्षाकडून कौल घेतला जाई. इथल्या जमातींत मोलोसियन लोकांचं राजघराणं थोर मानलं जाई. मूळ पुरुष अकिलीसचा मुलगा निऑप्टोलेमस, ज्याचं दुसरं नाव पिऱ्हस. म्हणजे आपल्या पिऱ्हसला नावच वंशाच्या संस्थापकाचं मिळालं. त्याची आई फ्थिया थेसलीची, फार्सेलसच्या मेनॉनची मुलगी. हा मेनॉन अलेक्झांडरच्या (सिकंदरच्या) मृत्यूनंतर मॅसिडोनियाविरुद्ध उठलेल्या ग्रीकांचा नावाजलेला घोडदळ-नायक होता. पिऱ्हसला दोन बहिणी होत्या, डेइडामिया आणि ट्रोअस.

वंश कितीही थोर असला तरी राजाची सत्ता बिनशर्त नव्हती. पासारॉन या ठिकाणी झ्यूसला बळी देऊन राजा आणि प्रजा एकमेकांना शपथ देत: राजा कायद्याप्रमाणे राज्य करील, प्रजा कायद्याप्रमाणे राज्याचं रक्षण करील. ही शपथ नुसती विधी म्हणून उरलेली नव्हती. पिऱ्हसच्या वडिलांना तिची धार सोसावी लागली.

गादीवर अल्पवयीन राजा बसणंही या लोकांना नवं नव्हतं. शंभरेक वर्षांपूर्वी, इ.स.पू. ४२९ मध्ये, मोलोसियन फौज राजा थारिपासच्या पालकाच्या हाताखाली लढायला गेली होती, कारण राजा अजून लहान होता. हाच थारिपास पुढे अथेन्सला शिकला आणि परत येऊन त्याने राज्याला कायदे व शिस्त लावली, असं परंपरा सांगते. मूल राजा असू शकतं, फक्त त्याच्यामागे उभी राहणारी माणसं हवीत, हा अनुभव या राज्याच्या गाठीशी होता.

थारिपासच्या नातवांपासून घराण्याला दोन फांद्या फुटल्या आणि भांडण तिथून सुरू झालं. थोरला निऑप्टोलेमस, धाकटा अरिब्बास. निऑप्टोलेमसला ट्रोअस आणि ऑलिंपियास या मुली आणि अलेक्झांडर हा मुलगा. अरिब्बासने आपल्या सख्ख्या पुतणीशी, ट्रोअसशी, लग्न केलं. त्यांचा मुलगा आयाकिदिस, म्हणजे पिऱ्हसचा बाप. आपल्या नात्यांच्या हिशेबाने पाहिलं की गुंता चटकन उलगडतो. ऑलिंपियास ही आयाकिदिसची एकाच वेळी चुलत बहीण आणि सख्खी मावशी. तिचा मुलगा अलेक्झांडर, ज्याने सिंधूपर्यंत जग पालथं घातलं, तो आयाकिदिसचा मावसभाऊ आणि पिऱ्हसचा नात्याने काका. अकिलीसचं नातं पुराणातलं होतं, हे रक्ताचं होतं आणि ताजं होतं. पिऱ्हस जन्मला तेव्हा अलेक्झांडरला जाऊन चारच वर्षं झाली होती.

आश्रयाला ठेवलेला मुलगा

ऑलिंपियासचं लग्न मॅसिडोनियाच्या फिलिपशी झालं आणि मॅसिडोनियाचा हात एपिरसच्या गादीपर्यंत पोचला. ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण कॅसँडरच्या २०० टॅलेंटचं गणित इथेच आहे.

फिलिपने ऑलिंपियासच्या धाकट्या भावाला, अलेक्झांडरला, लहानपणीच आपल्या दरबारी नेऊन ठेवलं. मुलगा तिथे वाढला. तो विशीत आला तेव्हा, इ.स.पू. ३४३-३४२ च्या सुमाराला, फिलिपने फौज घेऊन अरिब्बासला हाकललं आणि आपल्या हाताखाली वाढलेल्या मेहुण्याला एपिरसच्या गादीवर बसवलं. अरिब्बास अथेन्सला गेला. अथेन्सकरांनी त्याच्या सन्मानार्थ केलेला ठराव दगडावर कोरलेला आजही आहे. त्याला आणि त्याच्या मुलांना वडिलोपार्जित राज्य परत मिळावं म्हणून सेनापतींनी झटावं, असं त्यात लिहिलं आहे. दगडावर त्याच्या रथशर्यतींतल्या विजयांची चित्रंही कोरली आहेत. ठराव झाला, राज्य काही मिळालं नाही.

म्हणजे पिऱ्हसचा आजा परागंदा झाला होता, आणि बापाचं तरुणपण त्याच पराभवाच्या छायेत गेलं. फिलिपने बसवलेला अलेक्झांडर इ.स.पू. ३३१ च्या सुमारास इटलीत लढताना मारला गेला, त्यानंतरच्या वर्षांत गादी पुन्हा धाकट्या फांदीकडे, आयाकिदिसकडे आली. थोरल्या फांदीचा वारस निऑप्टोलेमस तेव्हा लहान होता. बहुतेक अभ्यासक त्याला इटलीत पडलेल्या अलेक्झांडरचा आणि फिलिपच्या मुलीचा, क्लिओपात्राचा, मुलगा मानतात.

या सगळ्यातून एक धडा त्या भागातल्या प्रत्येक राज्यकर्त्याने घेतला असणार. शेजारच्या दरबारात सांभाळलेला राजपुत्र म्हणजे दहा-पंधरा वर्षांनी वठणारी हुंडी. फिलिपने ती वठवून दाखवली होती. ग्लॉकियासच्या घरात पिऱ्हस रांगतो आहे हे कळल्यावर कॅसँडरला दिसलं ते दोन वर्षांचं पोर नव्हतंच. त्याला दिसली ती बारा-पंधरा वर्षांनंतरची फौज. फिलिपचा डाव कॅसँडरच्या बापाच्या, फिलिपचा सेनापती अँटिपॅटर याच्या, डोळ्यांदेखत खेळला गेला होता. म्हणून ही किंमत.

मावशीपायी गेलेली गादी

इ.स.पू. ३१७ मध्ये मॅसिडोनियात अलेक्झांडरच्या वारशावरून झुंज पेटली. एका बाजूला अलेक्झांडरचा मतिमंद समजला जाणारा सावत्र भाऊ फिलिप अर्‍हिडेअस, त्याची धडाडीची बायको युरिडाइस आणि त्यांच्या पाठीशी कॅसँडर. दुसऱ्या बाजूला एपिरसमध्ये राहिलेली ऑलिंपियास आणि अलेक्झांडर-रॉक्सानाचा सहा वर्षांचा मुलगा, चौथा अलेक्झांडर. आयाकिदिसने मावशीची बाजू घेतली. पिऱ्हसची बहीण डेइडामिया, तीही लहानच, या चौथ्या अलेक्झांडरला देऊ केली गेली. फौज निघाली, मॅसिडोनियाच्या सैनिकांनी अलेक्झांडरच्या आईसमोर शस्त्रं टाकली, आणि पहिली फेरी आयाकिदिसने जिंकली.

मग ऑलिंपियासने सूड घेतला. अर्‍हिडेअसला मारलं, युरिडाइसला जीव द्यायला लावलं, कॅसँडरच्या नातलगांना संपवलं. कॅसँडर दक्षिणेतून धावून आला आणि त्याने तिला पिडना या समुद्रकाठच्या गावात कोंडलं. वेढ्यात तिच्यासोबत नातू होता, रॉक्साना होती आणि डेइडामियाही होती. आयाकिदिसची मुलगी आणि मावशी दोघी एकाच तटाआड उपाशी मरत होत्या.

तो पुन्हा फौज घेऊन निघाला. पण कॅसँडरच्या माणसांनी खिंडी आधीच धरल्या होत्या, आणि एपिरसच्या सैनिकांना दुसऱ्याच्या भाऊबंदकीसाठी मरायचं नव्हतं. छावणीत बंड झालं. आयाकिदिसने जे नाराज होते त्यांना परत जाऊ दिलं आणि उरलेल्या मूठभरांना घेऊन पुढे जायचा हट्ट धरला. परत गेलेल्या सैनिकांनी घरी पोचताच सभा भरवून राजालाच हद्दपार केलं आणि कॅसँडरशी तह केला. डायोडोरस म्हणतो, अकिलीसच्या मुलापासून आजवर असं कधी घडलं नव्हतं. तिथे बापामागून मुलगा गादीवर येत असे आणि राजा गादीवरच मरत असे. (अरिब्बासची हकालपट्टी परक्याने केली होती, प्रजेने नाही.) कॅसँडरने एपिरसवर लिकिस्कस नावाचा आपला कारभारी नेमला.

आयाकिदिसला मी मूर्ख म्हणणार नाही. मुलगी आणि मावशी वेढ्यात असताना माघारी फिरणं त्याला जमलं नाही, एवढंच. पण पासारॉनच्या शपथेतला प्रजेचा अर्धा भाग त्याच्या ध्यानात राहिला नाही. त्याची किंमत घरी पाळण्यात असलेल्या मुलाने मोजली.

रात्र आणि नदी

राजा बाहेर, त्याचे मित्र कापले जात आहेत, आणि शत्रू राजपुत्राला शोधत आहेत. अशा वेळी अँड्रोक्लाइडिस आणि अँजेलस या दोघांनी पिऱ्हसला पळवून नेलं. सोबत काही नोकर आणि मुलाला सांभाळणाऱ्या बायका होत्या. त्यांच्यामुळे चाल मंदावली आणि पाठलाग करणारे जवळ आले. मग त्या दोघांनी मूल तीन दणकट, भरवशाच्या तरुणांकडे दिलं: अँड्रोक्लिऑन, हिप्पियास आणि निआंडर. त्यांना सांगितलं, जिवाच्या आकांताने पळा, मॅसिडोनियाच्या हद्दीतलं मेगारा गाठा. हे प्रसिद्ध मेगारा नव्हे, त्याच नावाचं दुसरं गाव. स्वतः मागे राहून त्यांनी कधी हातापाया पडून, कधी लढून संध्याकाळपर्यंत शत्रूला थोपवून धरलं.

सूर्य मावळला. गाव समोर दिसत होतं आणि मध्ये पावसाने फुगलेली नदी. अंधारात मूल आणि बायका घेऊन उतरणं अशक्य. पैलतीरावर काही माणसं दिसली. यांनी पिऱ्हसला उंच धरून दाखवलं, ओरडले, विनवण्या केल्या. पाण्याच्या गर्जनेत काही ऐकू जाईना. तेव्हा एकाला सुचलं. त्याने ओकच्या झाडाची साल सोलली, कपड्याला लावायच्या टाचणीने तिच्यावर मुलाची हकिगत आणि आपली गरज कोरली, साल दगडाभोवती गुंडाळली आणि पलीकडे भिरकावली. काहींच्या मते ती भाल्याला बांधून फेकली. पैलतीरावरच्या लोकांनी वाचलं, झाडं तोडली, ओंडके बांधले आणि ते नदी ओलांडून आले. पहिला जो आला त्याचं नाव अकिलीस.

या शेवटच्या नावापाशी मी थबकतो. अकिलीसच्या वंशजाला वाचवायला नेमका अकिलीसच यावा, हे राजाच्या स्तुतिपाठकाला सुचेल असं आहे. पिऱ्हसच्या पदरी इतिहास लिहिणारे होते आणि त्याच्या नावाने आठवणीही प्रसिद्ध होत्या, तेव्हा ही हकिगत दरबारात घोळून आली असणार. पण साल, टाचणी, दगड की भाला याबद्दलचा मतभेद, आणि तीन पोरांची नावं, हे सगळं कोणी नुसतं शोभेसाठी रचलेलं वाटत नाही. त्या तिघांना कुठल्याही पुराणपुरुषाशी जोडून कोणाचा फायदा नव्हता. नावं टिकली ती पिऱ्हसच्या घरात कोणी तरी ती कृतज्ञतेने सांगत राहिलं म्हणून, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट. या सगळ्या धावपळीत प्लुटार्क आईचं नाव घेत नाही. दाया आहेत, नोकर आहेत, फ्थिया नाही. पुढे पिऱ्हसने सिराक्यूजमध्ये पाडलेल्या तांब्याच्या नाण्यांवर पदर घेतलेल्या एका स्त्रीचा मुखवटा आहे आणि शेजारी नाव कोरलं आहे: फ्थियाचं. फ्थिया ही अकिलीसची जन्मभूमीही. त्यामुळे नाणं आईचं की पूर्वजाच्या देशाचं, असा वाद घालता येतो. मला वाटतं, राजाला दोन्ही अर्थ हवे होते. चरित्रात जिला जागा मिळाली नाही तिला मुलाने नाण्यावर बसवलं. त्याच्या नातीचं नावही फ्थियाच होतं.

ग्लॉकियासच्या पायाशी

ग्लॉकियास हा इलिरियन लोकांतल्या टॉलांटी जमातीचा राजा, आजच्या अल्बेनियाच्या किनारपट्टीचा. इ.स.पू. ३३५ मध्ये तो तरुण अलेक्झांडरशी लढून हरला होता. मॅसिडोनियाची ताकद त्याला ऐकून नव्हे, अंगावर घेऊन माहीत होती.

प्लुटार्क सांगतो: राजा बायकोबरोबर घरात बसला होता. आलेल्यांनी मूल त्याच्यासमोर जमिनीवर ठेवलं. कॅसँडरच्या धास्तीने राजा बराच वेळ गप्प राहिला. तेवढ्यात पिऱ्हस रांगत गेला, त्याने राजाचं वस्त्र धरलं आणि गुडघ्यांना धरून उभा राहिला. राजाला आधी हसू आलं, मग दया आली, कारण मूल शरण आलेल्या माणसासारखं बिलगून रडत होतं. दुसऱ्या एका हकिगतीत मुलाने राजाचे गुडघे नव्हे, देवांची वेदी धरली, आणि राजाला हा दैवी संकेत वाटला.

कोणाला ही गोष्ट आवडणार नाही? पण निर्णयाचं ओझं ती एकट्या मुलाच्या रांगण्यावर टाकते. जस्टिनचं एक वाक्य मला जास्त पटतं. तो सांगतो, पिऱ्हसला ग्लॉकियासची बायको बेरोआ हिच्याकडे वाढवायला दिलं, आणि बेरोआ स्वतः आयाकिदिसच्याच कुळातली होती. म्हणजे पळून निघालेली मंडळी वाट फुटेल तिकडे गेली नव्हती. ती माहेरच्या नात्याने आपल्या असलेल्या एका बाईच्या दारात पोचली होती. तो प्रसंग खरा असेल तर राजाशेजारी बसलेली बाई कुळातल्या मुलाकडे पाहत होती, आणि राजा तिच्याकडे. प्लुटार्कच्या गोष्टीत ती बोलत नाही. तिच्या हाती मूल सोपवलं जातं, एवढंच. जस्टिनच्या मते ग्लॉकियासने पुढे मुलाला दत्तकही घेतलं.

ग्लॉकियासचा स्वतःचा हिशेबही होता. कॅसँडरला अपोलोनिया आणि एपिडॅम्नस ही किनाऱ्यावरची शहरं हवी होती, आणि तेच ग्लॉकियासच्या वाटेवरचे नाके. एपिरस कॅसँडरच्या खिशात राहिलं तर इलिरिया दोन्हीकडून दाबला जाणार. हातात एपिरसचा वारस असणं हा त्यावरचा उपाय. तरी निव्वळ हिशेब म्हणून पाहिलं तर इ.स.पू. ३१४ मध्ये तो मोडायला हवा होता. त्या वर्षी कॅसँडरने अपोलोनिया घेतलं, ग्लॉकियासला लढाईत हरवलं आणि एपिडॅम्नसही घेतलं. तहात ग्लॉकियासने कबूल केलं की कॅसँडरच्या मित्रांवर तो हत्यार उचलणार नाही. हरलेल्या राजाला एक पोर देऊन टाकणं सोपं होतं. पिऱ्हस तेव्हा पाच वर्षांचा. तो तिथेच राहिला, ग्लॉकियासच्या मुलांबरोबर वाढत. हिशेबापलीकडे काही तरी असल्याशिवाय हे घडत नाही.

दोन मुलं, दोन ग्लॉकियास

याच काळात पिऱ्हसच्याच रक्ताचा आणखी एक मुलगा दुसऱ्याच्या घरी वाढत होता. पिडना पडल्यावर ऑलिंपियासला मारण्यात आलं, आणि चौथ्या अलेक्झांडरला त्याच्या आईसह कॅसँडरने अँफिपोलिसच्या किल्ल्यात ठेवलं. राजपुत्राला शोभेल असा थाट आणि सोबत वाढणारी मुलं काढून घेतली; साध्या माणसाच्या पोरासारखं वागवा, असा हुकूम होता. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला तसं मॅसिडोनियात लोक बोलू लागले की आता त्याला सोडा आणि बापाचं राज्य द्या. हे ऐकून कॅसँडरने किल्ल्याच्या अधिकाऱ्याला हुकूम दिला: आई आणि मुलगा दोघांना मारा, प्रेतं लपवा. त्या अधिकाऱ्याचं नावही ग्लॉकियासच होतं.

एका ग्लॉकियासकडे ठेवलेला मुलगा वयात येऊ लागताच मारला गेला, दुसऱ्याकडे ठेवलेला त्याच वयात गादीवर बसला. दोघांची वंशावळ पाहिली तर अँफिपोलिसचा मुलगा कितीतरी सरस. तो अलेक्झांडरचा औरस पुत्र होता. पण त्याच्याभोवती एकही आपलं माणूस उरलं नव्हतं. आई बाल्ख-सोग्दियाकडची, तिचं माहेर हजारो कोस दूर, आजी मेलेली, वाग्दत्त वधू डेइडामिया पुन्हा त्याच्यापर्यंत पोचू शकली नाही. वंशाने मुलाची किंमत वाढते, जीव वाचत नाही. पिऱ्हसला जी बेरोआ मिळाली ती या मुलाला मिळाली नाही, हा माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातला निर्णायक फरक आहे.

पहिली गादी

मधल्या काळात आयाकिदिस परत आला होता. इ.स.पू. ३१३ मध्ये प्रजेने त्याला पुन्हा स्वीकारलं, पण कॅसँडरचा भाऊ फिलिप चालून आला आणि त्याच्याशी लढताना आयाकिदिस पडला. बापलेकांची पुन्हा भेट झाली का, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. गादी त्याचा थोरला भाऊ अल्केटास याच्याकडे गेली. हा इतका तापट की खुद्द बापाने, अरिब्बासने, त्याला घराबाहेर काढलं होतं. त्याने कॅसँडरशी जुळवून घेतलं आणि प्रजेला छळलं. शेवटी लोकांनी त्याला आणि त्याच्या दोन लहान मुलांना मारलं.

आता ग्लॉकियासची वेळ आली. प्लुटार्क म्हणतो, बारा वर्षांच्या पिऱ्हसला त्याने फौजेनिशी नेऊन गादीवर बसवलं. जस्टिन म्हणतो, एपिरसच्या लोकांचा राग दयेत बदलला आणि त्यांनीच अकरा वर्षांच्या मुलाला बोलावून घेतलं, तो मोठा होईपर्यंत राज्य राखायला पालक नेमले. मला दोन्ही खरं वाटतं. गादी नुकतीच मोकळी झालेली, लोक अल्केटासला विटलेले, शिवाय अल्पवयीन राजा आणि पालक ही चाल थारिपासपासून माहीत असलेली. फौज बरोबर होती म्हणून दया लवकर उपजली असेल, एवढंच. वर्ष इ.स.पू. ३०७-३०६. फिलिपने जे ऑलिंपियासच्या भावाबाबत केलं, तेच आता एका इलिरियनाने मॅसिडोनियाविरुद्ध केलं होतं.

ही गादी पाच वर्षं टिकली. इ.स.पू. ३०२ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, पिऱ्हस ग्लॉकियासच्या एका मुलाच्या लग्नाला इलिरियात गेला. ज्याच्याबरोबर वाढला त्या भावाचं लग्न. न जाणं शक्यच नव्हतं. मागे मोलोसियन उठले, त्यांनी त्याच्या मित्रांना हाकललं, मालमत्ता लुटली आणि थोरल्या फांदीच्या निऑप्टोलेमसला राजा केलं. आजा, बाप, मुलगा: तिन्ही पिढ्यांना देशोधडीला लागावं लागलं.

यावेळी तो बहिणीकडे गेला. डेइडामिया पिडनाच्या वेढ्यातून वाचली होती आणि आदल्या वर्षी तिचं लग्न डेमेट्रिअसशी झालं होतं. तो अलेक्झांडरचा सेनापती अँटिगोनस याचा मुलगा, त्या काळातला सर्वांत झगमगता सेनानी. मेहुण्याच्या सैन्यात पिऱ्हस इ.स.पू. ३०१ ची इप्ससची लढाई लढला आणि त्याने नाव कमावलं, जरी त्याची बाजू हरली. पलीकडे सेल्युकसचे शेकडो हत्ती उभे होते. चंद्रगुप्त मौर्याने तहात दिलेल्या ५०० हत्तींतूनच ते आले होते, म्हणजे या पोरसवदा राजाने शत्रूच्या बाजूला पाहिलेले हत्ती आपल्याकडचे होते. वीस वर्षांनी इटलीत उतरताना त्याने स्वतः २० हत्ती नेले. भारताशी या घराचा आणखी एक धागा आहे: अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ज्या पाच यवन राजांची नावं आहेत त्यांतला अलिकसुंदर हा अनेक अभ्यासकांच्या मते पिऱ्हसचा मुलगा अलेक्झांडर; काही जण त्याला कोरिंथचा अलेक्झांडर समजतात.

इप्ससनंतर डेमेट्रिअसने इजिप्तचा राजा टॉलेमी याच्याशी तह केला आणि पिऱ्हस ओलीस म्हणून इजिप्तला गेला. पुन्हा परक्याच्या दरबारात, पण आता तो अजाण नव्हता. दरबारात बायकांत कोणाचा शब्द चालतो हे त्याने पाहिलं आणि टॉलेमीची राणी बेरेनाइकी हिची मर्जी संपादन केली. तिने पहिल्या नवऱ्यापासूनची आपली मुलगी अँटिगोनी त्याला दिली. तिच्यामुळे पैसा आणि सैन्य मिळालं, आणि इ.स.पू. २९७ मध्ये तो एपिरसला परतला. त्याने थोरल्या मुलाचं नाव टॉलेमी ठेवलं आणि आपल्या मुलुखात वसवलेल्या एका गावाला सासूचं नाव दिलं.

निऑप्टोलेमस दुसऱ्या राजाकडे धाव घेईल या भीतीने पिऱ्हसने आधी त्याच्याशी समेट केला. दोघांनी मिळून राज्य करायचं ठरलं. पासारॉनला बळी दिले गेले, शपथा झाल्या. मग निऑप्टोलेमसच्या माणसाने पिऱ्हसच्या प्याला भरणाऱ्याला विषप्रयोगासाठी फितवायचा प्रयत्न केला. त्याने ते धन्याला सांगितलं. पुढे निऑप्टोलेमसच्या बहिणीच्या घरी त्याच कटाचं बोलणं चाललं असताना भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलेल्या एका बाईने, फेनारेटीने, ते ऐकलं आणि अँटिगोनीच्या कानावर घातलं. पिऱ्हसने काही काळ थांबून एका यज्ञाच्या निमित्ताने निऑप्टोलेमसला जेवायला बोलावलं आणि मारलं. थारिपासच्या नातवांपासून चाललेली दोन फांद्यांची चढाओढ तिथे मिटली. मोलोसियनांच्या गादीवर हक्क सांगायला थोरल्या घरातलं कोणी राहिलं नाही.